मोटारीची झळाळी आणि कापूस

१/५ यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा हे कापूसपट्ट्यातील गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. या रस्त्याने धावणाऱ्या मोटारींच्या झळाळीचा इतिहासही कापसापाशीच येऊन पोहोचतो.

२/५ आरंभीच्या मोटारींना घोडागाड्यांप्रमाणे तेलरंग आणि व्हार्निशचे थर हाताने देत. ते वाळण्यास कित्येक आठवडे लागत.

३/५ १९२० च्या दशकात अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीचा 'ड्यूको' रंग जनरल मोटर्सच्या ओकलँड मोटारींवर झळकला. त्याचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून तो बनतो. बंदुकीच्या बिनधुराच्या दारूतही तोच असतो. आठवड्यांचे काम आता तासांवर आले.

४/५ मात्र हा रंग उन्हाने निस्तेज होई. म्हणून घासून पॉलिश करणे आणि वर मेण लावणे, ही निगा रूढ झाली. प्रत्येक घासणीत रंगाचा थोडा अंश झिजत असे.

५/५ आजच्या मोटारींच्या रंगावर पारदर्शक थर असतो. जाडी साधारण ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही कमी. वऱ्हाडातील उन्हाळ्यात धुळीने माखलेली मोटार कोरड्या फडक्याने पुसली, तर धुळीचे कणच त्यावर ओरखडे काढतात. म्हणून आधी भरपूर पाणी, मग मऊ कापड. पॉलिश ओरखडे घालवते, ते हाच थर झिजवून.