बंदूक कोणाच्या हाती?

शस्त्रनियंत्रणाच्या वाटाघाटी म्हटल्या की आपल्या डोळ्यांपुढे अणुबॉम्ब येतो. गरीब माणसाला रोज मारणाऱ्या बंदुकीचा इतिहास आम्ही वर्गात जवळजवळ शिकवीतच नाही.

२ जुलै १८९० रोजी ब्रुसेल्स येथे १७ राज्यांच्या परिषदेतून एक करार झाला. हेतू उदात्त होता : आफ्रिकेतील गुलामांचा व्यापार बंद पाडणे. गुलाम धरणाऱ्या टोळ्या बंदुकीच्या जोरावर गावे ओस पाडीत होत्या, हे खोटे नव्हते. म्हणून उत्तर अक्षांश २० ते दक्षिण अक्षांश २२ या पट्ट्यात बंदुका व दारूगोळा नेण्यावर बंदी आली. पण कलमे नीट वाचावीत. सरकारी फौजांना सूट. पुरेशी हमी देणाऱ्यांना व प्रवाशांना परवाना. आफ्रिकी रयतेसाठी उरली ती गारगोटीच्या ठिणगीने उडणारी, आटे नसलेल्या नळीची जुनी बंदूक आणि साधी दारू.

सह्या करणाऱ्यांत कांगो ‘स्वतंत्र राज्य’ होते, म्हणजे बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा. परिषद त्याच्याच राजधानीत भरली होती! त्याच्या फौजेच्या रायफलींना बंदी नव्हती. त्याच रायफलींच्या धाकाने पुढे रबर गोळा झाले. काडतूस वाया घालवले नाही याचा पुरावा म्हणून शिपाई तोडलेले हात दाखवीत. गुलामगिरी संपवण्याच्या नावाने झालेला करार वेठबिगारीच्या आड आला नाही. वेठबिगार म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगावे लागत नाही.

त्याच काळात आपल्याकडे १८७८ चा शस्त्र कायदा होता : हिंदी माणसाला परवाना, युरोपियनाला सूट. १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती थांबली आणि १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. विश्वासू कोण, हे बंदूक बाळगणाराच ठरवीत होता. येथेही आणि कांगोतही.

१९१९ च्या सेंट-जर्मेन करारानेही आफ्रिका व पश्चिम आशियात असेच ‘निषिद्ध प्रदेश’ आखले. तो नीट अमलात आलाच नाही. १९२५ च्या जिनिव्हा परिषदेत मात्र आखणीला उत्तर मिळाले. राष्ट्रसंघाचा सभासद झालेल्या इथिओपियाने निषिद्ध यादीतून आपले नाव काढून घेतले. आपल्या आखातावर पहारा बसवण्याच्या कलमावरून इराण उठून गेला. दहा वर्षांनी, १९३५ मध्ये, इटलीच्या चढाईच्या तोंडावर ब्रिटन-फ्रान्सने दोन्ही पक्षांची शस्त्रे अडवली. इटलीकडे स्वतःचे कारखाने होते. इथिओपियाकडे नव्हते. याला निःपक्षपात म्हटले गेले!

एवढ्यावरून ‘नियंत्रण म्हणजे साम्राज्यवाद’ असे म्हणून मोकळे होणारे कार्यकर्ते मला भेटतात. त्यांनी जुलै २००१ ची न्यूयॉर्कची संयुक्त राष्ट्र परिषद पाहावी. बिगरसरकारी टोळ्यांना शस्त्रे देऊ नयेत, ही मागणी या वेळी आफ्रिकी देशांची होती. अमेरिकेने ती, आणि नागरिकांच्या शस्त्रमालकीवरील मर्यादाही, साफ नाकारली. मसुदा बुडू नये म्हणून अखेर आफ्रिकी देशांनीच आग्रह सोडला. ज्यांच्या गावांत त्या गोळ्या झडत होत्या, माघारही त्यांनीच घ्यायची.

२ एप्रिल २०१३ रोजी शस्त्रव्यापार करार आमसभेत मंजूर झाला. विरोधात तीन देश होते. मसुदा दहशतवादी व बिगरसरकारी गटांबाबत दुबळा आहे आणि निर्यातदारांकडे झुकतो, असे सांगून भारत तटस्थ राहिला.