फ्रेंच आरमारी पायदळ

जहाजांवर, बंदरांत आणि समुद्रापलीकडील वसाहतींत लढण्यासाठी फ्रान्सने उभारलेले पायदळ. आजची ‘त्रूप द मारीन’ ही पथके त्याची वारस; मात्र ती नौदलात नव्हे, भूसेनेत मोडतात.

स्थापना : तेराव्या लुईच्या कारकिर्दीत १६२२ मध्ये उभ्या राहिलेल्या सागरी तुकड्यांपासून परंपरेचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. श्रेय बहुधा कार्डिनल रिशल्यूला दिले जाते. तो मुख्यमंत्री झाला १६२४ मध्ये, तेव्हा ते जपूनच घ्यावे. १६६९ मध्ये नौदलखात्याच्या कोल्बेरने आरमारासाठी दोन रेजिमेंटी उभारल्या आणि युद्धखात्याच्या लूव्वाने त्या लवकरच भूसेनेकडे ओढून घेतल्या. या दोन खात्यांतील ओढाताण पुढेही सुटली नाही. पथकाचा बराचसा इतिहास तिनेच घडवला.

वसाहतकाळ : १६९० च्या सुमारास कोल्बेरचा मुलगा सेन्येले याने स्वतंत्र कंपन्यांची (कंपान्यी फ्रांश) घडी बसवली. कॅनडात अशा कंपन्या १६८३ पासूनच होत्या. तेथील अधिकारपदे हळूहळू वसाहतीतच जन्मलेल्या घराण्यांकडे गेली. हे अधिकारी स्थानिक टोळ्यांबरोबर बर्फातून, अरण्यातून धाडी घालत. कॅनडा हातचा गेल्यावर मंत्री शोआझलने या कंपन्या मोडल्या. पुढील साठ वर्षांत पथकांची नावे आणि रचना वारंवार बदलल्या. १८२२ मध्ये आरमारी पायदळाच्या दोन रेजिमेंटी उभारल्या, १८२७ मध्ये मोडल्या आणि १८३१ मध्ये पुन्हा उभारल्या. १८५४ पासून शेरबूर, ब्रेस्त, रॉशफोर आणि तुलों या बंदरांत एकेक, अशा चार रेजिमेंटी होत्या.

बाझेय : फ्रान्स-प्रशिया युद्धात या चारही रेजिमेंटींतील सैनिक घेऊन एक डिव्हिजन रणांगणावर उतरले. गणवेशावरून त्याला ‘निळे डिव्हिजन’ म्हणत, सेनापती वास्वान्य. ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर १८७० रोजी सदांजवळच्या बाझेय गावात त्याची गाठ बव्हेरियन सैन्याशी पडली. गावाचा ताबा अनेकदा बदलला. लढाई गल्लीबोळांतून, घराघरांतून झाली. गाव जळाले, नागरिकही मारले गेले. त्यांच्या मृत्यूंची जबाबदारी कोणाची, यावर दोन्ही देशांत पुढे बराच वाद झाला. अखेर मेजर लांबेर याच्या हाताखालील मूठभर सैनिकांनी गावाच्या टोकाचे एक घर काडतुसे संपेपर्यंत लढवले. खिडकीशी उभा राहून कॅप्टन ओबेर याने शेवटच्या गोळ्या झाडल्या, असे सांगतात. आल्फाँस द नव्हीलने १८७३ मध्ये रंगवलेल्या ‘शेवटची काडतुसे’ या चित्राने हा प्रसंग घरोघरी पोहोचवला. लष्करीदृष्ट्या पाहता बाझेयच्या लढाईमुळे सदां येथील पराभव टळला नाही. दुसऱ्याच दिवशी फ्रेंच सैन्याने शरणागती पत्करली. तरीही पथकाचा वार्षिक सोहळा या पराभवाचाच असतो, विजयाचा नाही.

इंडोचायना व आफ्रिका : साम्राज्यविस्ताराच्या मोहिमांत ही पथके अग्रभागी होती.

खातेबदल : ७ जुलै १९०० च्या कायद्याने ही पथके युद्धखात्याकडे गेली आणि ‘वसाहती सेना’ म्हणवू लागली. वसाहती सुटू लागताच १९५८ मध्ये ते नाव बदलले. १९६१ मध्ये ‘त्रूप द मारीन’ हे नाव परत आले, खाते मात्र परत आले नाही. टोपीवरचा सोनेरी नांगर तेवढा जुन्या मालकाची खूण सांगतो.

नौदलाच्या स्वतःच्या पायदळाची, म्हणजे ‘फ्युझिलिए मारँ’ची, परंपरा वेगळी असून ते १८५६ मध्ये स्थापन झाले. ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममधील डिक्समुड लढवणारे ॲडमिरल रोनार्कचे ब्रिगेड आणि ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीत उतरलेले कीफरचे १७७ कमांडो याच शाखेचे.