नाक्यापलीकडचं गोदाम

नागपुराहून अमरावतीच्या रस्त्याला लागलं, की नागपूर कुठे संपलं आणि वाडी कुठे सुरू झाली हे आता घरांवरून ओळखता येत नाही. पूर्वी त्याची खूण ठळक होती. रस्त्यावर महापालिकेचा जकात नाका होता, आणि त्याच्यापुढे कागद हातात घेऊन थांबलेल्या ट्रकांची रांग. नाका गेला, रांग गेली. नाक्याच्या आडोशाने उभी राहिलेली गोदामं मात्र जागची हललेली नाहीत. खडगाव रोडच्या दोन्ही अंगांना आणि पुढे आठव्या मैलाकडे ही पत्र्याच्या छपरांची वस्ती पसरत गेली आहे. साबण, औषधं, रंग, टायर, फ्रिज अशा विदर्भातल्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या कितीतरी मालाचा पहिला मुक्काम इथेच पडतो. नागपूर देशाच्या मध्यावर आहे म्हणून, असं याचं कारण सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. मध्यावर तर शहरातली इतवारीची बाजारपेठही आहे. गोदाम इतवारीत न राहता वाडीला का आलं?

नागपूर वसलं तेच गावं जोडून. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने 1702च्या सुमारास बारा वाड्या-पाड्यांची मोट बांधून हे शहर उभं केलं. पुढे प्रत्येक राजवटीने शहराबाहेर आपापली भर घातली. इंग्रजांनी 1821मध्ये कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसवली. 1867मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरात पोचली आणि 1877मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस, धान्य आणि कापडाचा व्यापार सीताबर्डी ते इतवारी या पट्ट्यात स्थिरावला. गोदाम हवं ते रेल्वेच्या मालधक्क्याजवळ किंवा बाजारपेठेतल्या दुकानामागे, हा त्या काळचा साधा हिशेब होता.

पश्चिमेला यातलं काहीच नव्हतं. तिकडे लाव्हा गावची टेकाडं होती. ज्या नदीवरून नागपूरला नाव मिळालं ती नाग नदी तिथेच उगम पावते. 1870मध्ये शहराच्या पाण्यासाठी अंबाझरीचा तलाव बांधला गेला तो याच नदीवर. वाडी हे त्या तलावाच्या वरच्या अंगाचं शेतीचं गाव.

वाडीला आधी आली ती माणसं, माल मागून आला. 1962च्या चीन युद्धानंतर देशाने दारूगोळ्याचं उत्पादन वाढवायचं ठरवलं आणि त्या दशकात अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना उभा राहिला. कामगारांच्या वसाहतीमुळे ‘डिफेन्स’ हे नाव या भागात कायमचं रुजलं. 1962मध्येच महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि वाडीच्या दक्षिणेला हिंगणा रस्त्यावर त्याची वसाहत वाढू लागली. त्याच सुमारास माल रेल्वेच्या वाघिणीतून उतरून ट्रकमध्ये चढायला लागला होता. मुंबई-सुरतेकडचा ट्रक धुळे, अकोला, अमरावती करत राष्ट्रीय महामार्ग 6ने यायचा आणि नागपूरच्या वेशीवर त्याला पहिल्यांदा थांबावं लागायचं ते वाडीजवळ.

तिथे थांबण्याचं कारण जकात. शहराच्या हद्दीत वापरण्यासाठी किंवा विकण्यासाठी येणाऱ्या मालावर हा कर असे, आणि तो माल आत शिरतानाच वसूल होई. ड्रायव्हरने बिल्टी आणि बीजक दाखवायचं, कारकुनाने मालाचा प्रकार व किंमत पाहून दर लावायचा, पावती फाडायची, मग गाडी पुढे. नुसता शहरातून पार जाणारा माल असेल, तर त्याचा वेगळा पास निघे.

आता नागपुरातल्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. त्याच्या मालातला काही भाग नागपुरात खपतो. उरलेला वर्धा, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, छिंदवाडा, बैतूलला जातो. सगळा माल इतवारीत आणून ठेवला तर सगळ्यावर जकात भरायची. मग जो बाहेर गेला त्याचे पुरावे जोडून परताव्यासाठी अर्ज करायचा, आणि तोवर पैसा अडकवून बसायचं. त्यापेक्षा नाक्याबाहेरच जागा भाड्याने घेतली तर? माल तिथे उतरवायचा. चंद्रपूरचा तिथूनच चंद्रपूरला रवाना करायचा. शहरातल्या दुकानासाठी हवा तेवढाच, हवा तेव्हा आत आणायचा आणि तेवढ्यावरच जकात भरायची. यात चोरी कसलीच नव्हती. हद्दीबाहेरच्या मालावर हद्दीतला कर लागत नाही, एवढीच गोष्ट.

मग नाक्याबाहेरच्या इतर गावांत हे का घडलं नाही? कामठी तर जुनं, रेल्वेवरचं शहर. पण कामठीला स्वतःची नगरपालिका होती, आणि राज्यातल्या नगरपालिका 1999पर्यंत स्वतःच जकात घेत. एका नाक्यातून सुटून दुसऱ्यात अडकण्यात व्यापाऱ्याचा काय फायदा? वाडीत ग्रामपंचायत होती, जमीन स्वस्त होती, महामार्ग दारात होता आणि पश्चिमेकडचा सगळा माल याच दिशेने येत होता.

या गोदामाचा दुसरा जनक दिल्लीत बसला होता. 1956च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या विक्रीवर कर बसवला. गुजरातच्या कारखान्याने नागपूरच्या व्यापाऱ्याला थेट माल विकला तर हा कर लागायचा. तोच माल कारखान्याने नागपुरातल्या स्वतःच्याच डेपोला पाठवला, तर ती विक्री ठरत नसे. एफ फॉर्म भरला की काम झालं. म्हणून प्रत्येक मोठ्या कंपनीला प्रत्येक राज्यात आपला डेपो हवा झाला, आणि महाराष्ट्राचा विस्तार पाहता विदर्भासाठी वेगळा. डेपो सांभाळायला क्लिअरिंग अँड फॉरवर्डिंग एजंट आले, त्यांच्यामागे ट्रान्सपोर्टवाले, हमाल, धर्मकाटे, टायरवाले, गॅरेजं आणि ढाबे. जकातीने गोदामाची जागा ठरवली, विक्रीकराने त्याची गरज निर्माण केली.

हा प्रकार एकट्या वाडीचा नाही. मुंबईच्या नाक्याबाहेर भिवंडी तालुक्यातल्या गावांमध्ये याच कारणांनी गोदामांचा त्याहून कितीतरी मोठा पसारा उभा राहिला. हद्दीने गावं घडवल्याची उदाहरणं परदेशातही सापडतात. अमेरिकेत ॲपलाचियन डोंगररांगेत किंग्सपोर्ट, जॉन्सन सिटी आणि ब्रिस्टल या शहरांचा मिळून ‘ट्राय-सिटीज’ नावाचा एक प्रदेश आहे. ब्रिस्टलच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांची सीमा जाते. एका फुटपाथवर एका राज्याचे कर, समोरच्यावर दुसऱ्याचे, आणि नगरपालिकाही दोन. किंग्सपोर्टला दुसऱ्या महायुद्धात स्फोटकांचा सरकारी कारखाना आला, जसा अंबाझरीला पुढे आला. फरक इतकाच, की त्या शहरांनी आपापल्या नगरपालिका राखूनही विमानतळ 1937मध्येच सामाईक केला.

नागपूरची जकात 2013मध्ये संपली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. 1 जुलै 2017ला वस्तू व सेवा कर लागू झाला आणि आंतरराज्य विक्रीवरचा जुना करही निकाली निघाला. वाडीच्या गोदामाला जन्म देणारी दोन्ही कारणं चार-पाच वर्षांत नाहीशी झाली. हिशेबाने गोदामं ओस पडायला हवी होती. तसं झालं नाही. एव्हाना ट्रान्सपोर्टची कार्यालयं, परतीचा माल मिळवून देणारे दलाल, भरती-उतराईला सरावलेली माणसं आणि वळणाला जागा देणारे रस्ते इथे जमले होते. नव्या करात प्रत्येक राज्यात डेपो ठेवायची सक्ती उरली नाही, तेव्हा कंपन्यांनी लहान डेपो बंद करून मोठी, मध्यवर्ती गोदामं शोधायला सुरुवात केली. आधी अर्धं असलेलं नागपूरच्या मध्यवर्तीपणाचं कारण आता कुठे पूर्ण झालं.

दरम्यान वाडी गाव राहिली नव्हती. 2011च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पन्नास हजारांपुढे गेलेली होती, तरी कारभार ग्रामपंचायतीचाच होता. नगरपरिषद त्यानंतर आली. हद्दीबाहेर असण्याचा फायदा व्यापाऱ्याला मिळाला, त्याचा तोटा मात्र रहिवाशाच्या वाट्याला आला. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याच्या मूळ आराखड्यात वासुदेवनगर ते वाडीतली दत्तवाडी असा सुमारे साडेचार किलोमीटरचा फाटा होता. डिसेंबर 2022मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या 43.8 किलोमीटरमध्ये तो नाही. हिंगण्याला मेट्रो मिळाली, कन्हानला मिळाली, वाडी राहिली.

पाण्याचंही तसंच. वाडीकडचं सांडपाणी उताराने अंबाझरीत येतं आणि तलावावर जलपर्णी माजली की नागपूरकर वाडीकडे बोट दाखवतात. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी भरून वाहिला आणि खालच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. वरच्या अंगाला काय बांधलं जातं याचा खालच्या घरांशी किती जवळचा संबंध आहे, हे त्या दिवशी कळलं. 2017मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालं, त्याच्या क्षेत्रात सातशेहून अधिक गावं आहेत. तरी नाग नदीचा उगम, तलाव आणि शहरातला प्रवाह यांचा कारभार आजही वेगवेगळ्या कचेऱ्यांत वाटलेला आहे.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग हिंगणा तालुक्यात शिवमडक्याला सुरू होतो. नवी गोदामं आता त्या बाजूच्या जमिनी शोधतील, कारण गोदाम कराच्या आणि रस्त्याच्या मागे जातं, त्याला गावाची माया नसते. ते उद्या हललं तर वाडीला मागे काय उरणार, हा प्रश्न गोदाममालकाने नव्हे, नगरपरिषदेने आणि नागपूरने मिळून सोडवायचा आहे. करासाठीची हद्द पुसायला एक कायदा पुरला. गटार, बस आणि मेट्रोसाठीची हद्द पुसायला दोन्ही कचेऱ्यांचा पैसा एका अंदाजपत्रकात यावा लागेल.