पानावरून पऱ्हाटीत

दिग्रसच्या काळ्या रानात उभ्या असलेल्या पऱ्हाटीच्या मागे एका जिवाणूची शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे. 1901 मध्ये जपानच्या शिगेताने इशिवाता यांना रेशीमकिडे पटापट मरताना दिसले. कारण निघालं एक जिवाणू. 1911 मध्ये जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना तसाच जिवाणू पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडला. पतंग थुरिंगिया प्रांतातले, म्हणून नाव पडलं बॅसिलस थुरिंजिएन्सिस. बियाण्याच्या पाकिटावरचं 'बीटी' ते हेच.

हा जिवाणू मातीत राहतो, धान्याच्या धुळीत राहतो आणि झाडांच्या पानांवरही. तो प्रथिनाचा स्फटिक बनवतो. अळीनं पान कुरतडलं की स्फटिक पोटात जातो. अळीचं आतडं अल्कधर्मी, त्यामुळे तो तिथे विरघळतो, आतड्याच्या पेशींना भोकं पडतात आणि अळी खाणं सोडून मरते. 1938 मध्ये फ्रान्समध्ये याचं कीटकनाशक विक्रीला आलं. मात्र उन्हानं त्याचा जोर जायचा, पावसानं ते धुऊन निघायचं.

यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञांनी त्या प्रथिनाचं जनुकच कपाशीत घातलं. मार्च 2002 मध्ये भारतात महिको-मोन्सॅन्टोच्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली. महिको आपल्या जालन्याची. हिरवी बोंडअळी आटोक्यात आली. 2006 मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. पुढे देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी झाली.

पानावरचं विष येत-जात होतं. झाडातलं रात्रंदिवस हजर राहिलं. ते पचवू शकणाऱ्या मोजक्या अळ्या तेवढ्या उरल्या आणि त्यांचीच पिल्लावळ वाढली. गुलाबी बोंडअळी तर जवळजवळ कपाशीवरच जगते. आपल्याकडचं बियाणं संकरित, म्हणून एकाच बोंडातल्या काही सरक्यांत विष असतं, काहींत नसतं. अळीला तिथेही वाट सापडली. बांधाला बिगर-बीटीच्या ओळी लावायच्या होत्या, म्हणजे साध्या अळ्याही टिकल्या असत्या. पण अळीसाठी स्वतःच्या रानातल्या ओळी कोण सोडणार? त्यात फरदड घेतली की अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खायला मिळतं.

2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भाची बोंडं पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या फवारण्या एकट्या बोंडअळीसाठी नव्हत्या. तुडतुडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर कपाशीतलं बीटी चालतच नाही. पण 'फवारणी कमी होईल' या भरवशावर घेतलेल्या बियाण्याच्या रानातच माणसं पाठीवर पंप घेऊन डोक्याइतक्या उंच पिकात शिरली होती.

आज सल्ला असा, की कामगंध सापळे लावा, डोमकळ्या तोडून नष्ट करा, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. सल्ला बरोबर आहे. फक्त कोरडवाहू शेतकऱ्यासाठी फरदड म्हणजे हातात येणारे आणखी थोडे पैसे. ते सोडायचे तर त्या तोट्याचा हिशेबही सल्ल्यासोबतच व्हायला हवा.