परगावी जेवावे कोठे?

परक्या शहरात उतरलेला मनुष्य सामान ठेवून झाल्यावर जे पहिले दोन-तीन प्रश्न विचारतो, त्यांत ‘येथे चांगले जेवण कोठे मिळते?’ हा प्रश्न हमखास असतो. लॉजच्या गल्ल्यावरचा माणूस, रिक्षावाला किंवा कोपऱ्यावरचा पानवाला त्याचे उत्तर देतो आणि आपण निघतो. हा प्रश्न आपल्याला केवळ रुचीचा व खिशाचा वाटतो. मराठी मुलखापुरता त्याचा इतिहास पाहू लागलो, तर मात्र या प्रश्नातील ‘चांगले’ हे विशेषण फारसे निरागस राहत नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी या शब्दाचा पहिला अर्थ ‘चवदार’ असा नव्हता. ‘जेथे जेवल्याने माझी जात जाणार नाही’ हा एकाचा अर्थ होता आणि ‘जेथून मला हाकलून देणार नाहीत’ हा दुसऱ्याचा. एकाच्या सोवळ्यातून दुसऱ्याची अडचण निर्माण झाली होती. हे दोन अर्थ मागे पडून चवीचा अर्थ पुढे कसा आला, हे या लेखात पाहायचे आहे.

प्रारंभ विष्णुभट गोडसे यांच्यापासून करणे सोयीचे ठरेल. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांच्या संपादनाखाली १९०७ साली प्रसिद्ध झाला. आपण तो बहुधा झाशीच्या वर्णनासाठी वाचतो. पण एक परगावचा मनुष्य रोजच्या जेवणाची सोय कशी लावतो, या दृष्टीनेही तो वाचण्यासारखा आहे. या प्रवासात हॉटेल नाही. तेथे घाट आहे, देऊळ आहे, दरबार आहे आणि ठिकठिकाणी स्थायिक झालेली दक्षिणी ब्राह्मणांची घरे आहेत. अनोळखी शहर हे अनोळखी राहतच नाही, कारण जात आणि शाखा हाच तेथील परिचय असतो. क्षेत्राच्या ठिकाणी तीर्थोपाध्याय आणि अन्नछत्र ही व्यवस्था याच परिचयावर उभी होती. अशा प्रवाशाला ‘चांगले ठिकाण’ शोधावे लागत नाही. आपली माणसे शोधली की ठिकाण आपोआप मिळते. ज्याला शहरात ‘आपली माणसे’ नव्हती, किंवा होती पण गावकुसाबाहेर होती, त्याचे प्रवासवर्णन मात्र १९०७ साली छापून आलेले नाही.

अन्न विकत घेऊन खाणे, तेही कोणी शिजवले हे ठाऊक नसताना, ही गोष्ट त्या काळच्या पांढरपेशा समाजाला किती अवघड होती, हे पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणावरून कळते. १८९० साली गोपाळराव जोशी यांनी शहरातील प्रतिष्ठित मंडळींना मिशनमध्ये बोलावले आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. रानडे, टिळक, गोखले यांच्यासारखी मंडळी तेथे होती. जोशांनी पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध केली आणि मोठे ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे दोन वर्षे चालला. चहाच्या एका पेल्याने इतके घडू शकत होते, तर परगावी भुकेल्या माणसाने कोणत्याही दारात शिरावे ही कल्पनाच संभवत नव्हती. त्यामुळे जी पहिली भोजनगृहे निघाली, त्यांच्या पाट्यांवर चवीचा दावा करण्यापूर्वी मालकाची किंवा आचाऱ्याची जात सांगणे आवश्यक झाले. ‘ब्राह्मणांची खाणावळ’ ही पाटी आज आपण पाककृतीची जाहिरात म्हणून वाचू. त्या काळी ती निर्धास्तपणाची हमी होती आणि त्याच वेळी इतरांसाठी मनाईही होती. रेल्वेच्या फलाटांवर ‘हिंदू चहा’, ‘मुसलमान चहा’, ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशा आरोळ्या पडत, हेही याच व्यवस्थेचे अंग होय.

मुंबईने या व्यवस्थेला पहिला मोठा ताण दिला. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू केली आणि पुढील काही दशकांत कोकणातून व घाटावरून हजारो पुरुष कुटुंब गावी ठेवून या शहरात आले. त्यांनीही प्रथम जुनाच मार्ग पत्करला. गावाची खोली भाड्याने घ्यायची आणि तीत गावातल्या माणसांनी पाळीपाळीने झोपायचे. गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती खलाशांसाठी आणि नोकरांसाठी धोबीतलावाच्या परिसरात गावागावांची ‘कूड’ होती, तिचाही न्याय हाच. जेवणाची सोय गिरणगावातील बायकांनी केली. महिन्याच्या बोलीने चार-दोन, पुढे दहा-वीस माणसांना त्या घरात शिजवून वाढीत. ही खाणावळवाली बाई मराठी साहित्यात येते ती बहुधा एखाद्या कामगार नायकाच्या कथेच्या कडेला. वास्तविक अर्धे गिरणगाव तिच्या चुलीवर जगत होते. सावकाराच्या कर्जात अडकलेल्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित केले, तेव्हा कोठे हा धंदा म्हणून मोजला जाऊ लागला. परंतु खाणावळ ही ओळखीवर चालणारी गोष्ट आहे. ज्याला येथे एकच दिवस काढायचा आहे, ज्याला कोणी ओळखत नाही, त्याचा प्रश्न ती सोडवीत नाही.

तो प्रश्न बऱ्याच अंशी इराण्याने सोडवला. कयानी (१९०४), मेरवान (१९१४), ब्रिटानिया (१९२३) ही त्यांतील काही ठळक नावे. हिंदू दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, कोपऱ्यावरचे दोन्ही रस्त्यांना उघडे असलेले दुकान रस्त्यावरच्या कोणालाही आत येण्याचे निमंत्रणच देत होते. संगमरवरी टेबल, पाणी-कम चहा, ब्रून-मस्का आणि भिंतीवर गिऱ्हाइकाने काय करू नये याची यादी. या यादीची पुष्कळ थट्टा झाली आहे. पण ती सर्वांना सारखीच लागू होती, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. मालक हिंदू जातिव्यवस्थेबाहेरचा होता, एवढ्यानेच हे घडले असे मात्र म्हणता येत नाही. याचा पुरावा बडोद्यात आहे.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया आणि लंडन येथील शिक्षणानंतर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी तेथे गेले. परक्या शहरात राहावे कोठे आणि जेवावे कोठे, हा प्रश्न स्टेशनावर उतरतानाच त्यांच्यापुढे होता. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणांत त्यांनी तो सविस्तर सांगितला आहे. हिंदूंच्या ‘वीशी’ शहरात होत्या, पण तेथे जात लपविल्याखेरीज प्रवेश नव्हता. अमेरिकेत शिकलेले ओळखीचे मित्र होते, पण ते घरात घेतील याची खात्री नव्हती. शेवटी एक पारशी वसतिगृह सापडले, तेही केवळ पारशांसाठी. दिवसाला दीड रुपया ठरवून, वहीत पारशी नाव लिहून ते राहिले. वर अडगळीने भरलेला दिवाणखाना, वटवाघळे आणि एक मिणमिणता कंदील. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन्ही मित्रांनी सोय करण्याचे टाळले. दिवसाचा उरलेला वेळ सार्वजनिक बागेत काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. मुंबईचा इराणी आणि बडोद्याचे पारशी वसतिगृह यांचा धर्म एकच होता. आमच्या मते फरक होता तो गिऱ्हाइकाचा. एकाचे पोट वाटसरूंच्या गर्दीवर होते, तर दुसऱ्याचे प्रयोजन आपली माणसे सांभाळणे हे होते.

ज्या न्यूयॉर्कमध्ये आपल्या अस्पृश्यपणाचा विसर पडू शकला असे बाबासाहेबांच्या टिपणांतून दिसते, त्याच न्यूयॉर्कमधून १९३६ साली व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या कृष्णवर्णीय टपाल कर्मचाऱ्याने एक मार्गदर्शिका काढली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोणत्या गावात कोठे जेवू देतील आणि कोठे उतरू देतील, याची ती यादी होती. ‘ग्रीन बुक’ म्हणून ओळखली जाणारी ही मार्गदर्शिका १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत निघत राहिली. फ्रान्समधील मिशेलिन कंपनीची मार्गदर्शिका १९०० पासूनची आणि तिचे तारे १९२६ पासूनचे. ‘येथे चांगले जेवण कोठे मिळते?’ या एकाच प्रश्नाची ही दोन पुस्तके आहेत. एकीचा वाचक आत घेतले जाईल हे गृहीत धरतो, तर दुसरीचा वाचक तेच विचारतो. आपल्याकडे अशी छापील ‘ग्रीन बुक’ निघाली नाही. ती तोंडी होती आणि समाजातल्या प्रत्येकाला आपापल्या पानापुरती पाठ होती.

या तोंडी पुस्तकाची पाने फाडण्याचे प्रयत्न आपल्याकडेही झाले. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा घेऊ लागले. रत्नागिरीत सावरकरांच्या पुढाकाराने १९३३ साली सर्व जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह निघाले. तत्पूर्वी, ऑगस्ट १९२३ मध्ये, सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला होता. महाडच्या सत्याग्रहामुळे आपल्याला त्यातील पाणवठे आठवतात. त्यात सरकारी खर्चाच्या धर्मशाळाही होत्या, हे सहसा ध्यानात राहत नाही. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी आणि तलावांच्या बरोबरीने सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख केला. देशाच्या मूलभूत कायद्यात चहाच्या दुकानाला स्थान मिळावे, याचे नवल वाटणाऱ्याने बडोद्याचे अकरा दिवस आठवावेत. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने शिक्षेची तरतूद केली, तरी वेगळी कपबशी लगेच गेली नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) गावच्या चहाच्या दुकानातील अशा कपबशीविरुद्ध केलेल्या तक्रारीचा प्रसंग आहे. कायदा पुस्तकातून दुकानापर्यंत कसा चालत जातो, हे त्यातून दिसते.

मद्याच्या बाबतीत ‘परवानगी’चा अर्थ निराळा, पण शब्द तोच. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर परगावच्या माणसाला ‘चांगला बार’ विचारण्याची सोय उरली नाही. परवाना असेल तर पिता येई आणि नसेल तर ‘आंटी’चा गुत्ता गाठावा लागे. पुढे बंधने सैल झाली, तरी ‘परमिट रूम’ हा शब्द महाराष्ट्रभर पाट्यांवर राहून गेला. कायद्याने दिलेल्या नावाचे धंद्याचे सामान्यनाम व्हावे, हे भाषेच्या अभ्यासकाला रंजक वाटेल. याच रीतीने मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे उतरण्याची जागा न होता खाण्याची जागा झाली. उतरायला नातेवाईक आणि धर्मशाळा होत्या. नवी वस्तू होती ती परक्यांच्या शेजारी बसून खाण्याची, आणि नवे नाव तिलाच चिकटले.

१९४२ साली माटुंग्यात रामा नायक यांचे उडुपी भोजनगृह सुरू झाले, त्याच्या आगेमागे उडुपी हॉटेले मुंबईभर पसरत गेली. पुढे ‘मालवणी’, ‘सावजी’, ‘मराठा’, ‘ब्राह्मणी’ ही विशेषणे हळूहळू मसाल्याची नावे झाली. जात चवीत विरघळली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पाट्यांवरचे ‘शुद्ध शाकाहारी’ हे शब्द पाहिले म्हणजे हा मोह आवरावा लागतो. ‘शाकाहारी’ हे अन्नाचे वर्णन आहे. ‘शुद्ध’ हे कोणाचे वर्णन आहे? तुपाला, सोन्याला आणि मराठीला लावला जाणारा हा शब्द येथे जुन्या पाटीचे काम करीत नाही ना, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

आमच्या विद्यार्थ्यांना प्रवासवर्णने वाचताना आम्ही एक साधी सवय लावू इच्छितो. लेखक कोठे गेला, काय पाहिले हे टिपण्याबरोबर तो कोठे जेवला, कोणी वाढले आणि जागा शोधताना त्याला काय सांगावे लागले, हेही टिपावे. मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ असा एक शब्द आहे. एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढताना केलेला भेद असा त्याचा अर्थ. ज्यांना पंगतीतच घेतले नाही, त्यांच्यासाठी मात्र हा शब्द अपुरा पडतो. त्यांचा प्रवास वाचायचा, तर आत्मकथनांकडे आणि बडोद्याच्या त्या टिपणांकडे प्रवासवर्णन म्हणूनही पाहावे लागेल.