तंजावरचं सांबार, तीन शिवाजी आणि भिंतीवरची मराठी

परवा आपल्या गावच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरला. संभाजीराजे तंजावरला पाहुणे गेले, मुदपाकखान्यात आमसूल संपलं, आचाऱ्यानं आमटीत चिंच घातली, राजांना चव आवडली आणि त्यांच्या नावावरून त्या आमटीला ‘सांबार’ नाव पडलं. खाली अंगठ्यांची रांग, भगवे झेंडे, आणि ‘म्हणजे इडली-सांबार पण आपलंच’ अशी एक कमेंट. मी तिथं काही बोललो नाही. ग्रुपवर वाद घातला की लग्नाच्या पत्रिका यायच्या बंद होतात. पण इथं लिहितो, कारण मागच्या वर्षी भाचीला तिरुचीच्या कॉलेजात पोचवायला गेलो होतो. शनिवार-रविवार मोकळा होता आणि तंजावर तिथून बसनं दीड तासावर.

आधी सांबाराचं मिटवून टाकतो. या गोष्टीला त्या काळातल्या एका कागदाचाही आधार नाही. तंजावरचे शहाजीराजे (शिवरायांचे पुतणे, वडील नव्हेत) गादीवर आले १६८४ साली. संभाजीराजे पकडले गेले १६८९ च्या सुरुवातीला. मधली सगळी वर्षं औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसलेला. आणि ‘संभार’ हा साधा संस्कृत शब्द आहे, अर्थ साहित्य, सामग्री, स्वयंपाकात मसाला. आपल्या विदर्भात बाजारात ‘पाच रुपयांचा सांबार दे’ म्हटलं की भाजीवाली कोथिंबिरीची जुडी देते. तिला कुणी राजाची गोष्ट सांगितलेली नाही.

आता गंमत अशी की, ज्या शहरावर आपण ही खोटी गोष्ट चिकटवतो, त्या शहरात खऱ्या गोष्टी इतक्या पडल्या आहेत की दोन दिवस पुरले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी बृहदीश्वराच्या देवळात गेलो. अख्खं तंजावर तिथं होतं. आपल्याकडे शनिवारी लोक मॉलमध्ये किंवा हायवेवरच्या धाब्यावर जातात, तसे हे लोक देवळात येतात. दगडी फरशी पायाला अजून कोमट लागत होती, पोरं पळत होती, म्हाताऱ्या भिंतीला टेकून गजरे करत होत्या. समोर राजराजा चोळानं १०१० मध्ये पूर्ण केलेलं दोनशे फुटांहून उंच विमान. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं गाईड सांगतो. पडते. मी तिच्यातच बसलो होतो.

राजराजानं भिंतींवर नुसती स्तुती कोरून घेतली नाही, हिशेब कोरून घेतला. चारशे नर्तिका देवळाच्या सेवेत आणल्या, तर प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या गावच्या देवळातून आली आणि इथं कुठल्या रांगेत कितवं घर तिला दिलं, हे सगळं दगडात. हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस आमच्या तालुक्याला ऑडिटर म्हणून मिळाला असता तर निम्म्या बातम्या मला लिहाव्याच लागल्या नसत्या.

त्याच आवाराच्या भिंतीवर, आठशे वर्षांनंतरची मराठी आहे. बाळबोध लिपीत, ओळींवर ओळी, भिंत संपेना. १८०३ साली सर्फोजी (दुसरे) महाराजांनी भोसले घराण्याचा सगळा इतिहास इथं कोरून घेतला. देशातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. मी वाचायला लागलो तर शब्द तुटेनात, अक्षरं झिजलेली. चष्मा वर-खाली करून अडखळत दोन-तीन ओळी मोठ्यानं वाचल्या, तर मागे एक तमिळ कुटुंब येऊन उभं राहिलं. बाई शाळेत शिक्षिका असाव्यात. इंग्रजीत विचारलं, काय लिहिलंय? म्हटलं, राजाच्या घराण्याची हकिकत, मूळ पुरुषापासून. बाई म्हणाल्या, ‘म्हणजे बायोडेटा?’ सगळे हसलो.

पण तो बायोडेटा कधी लिहिलाय ते बघा. तंजावरला मराठे आले ते काही कुणाच्या आमंत्रणानं राज्य करायला आले नव्हते. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी आदिलशहाच्या चाकरीत होते. नायक घराण्यातल्या एका मुलाला गादीवर बसवायला आदिलशहानं त्यांना पाठवलं, आणि १६७६ मध्ये ते स्वतःच बसले. पुढच्याच वर्षी शिवराय दक्षिणेत उतरले, कोल्लिडम नदीकाठी दोघं भाऊ भेटले, वडिलांच्या जहागिरीच्या वाटणीवरून बिनसलं आणि व्यंकोजी रातोरात नदी ओलांडून निघून गेले. वाटणीचे दावे आपल्याच तालुका कोर्टात चालतात असं नाही. पुढे १७४१ मध्ये चंदासाहेबाचा जाच मोडायला आपल्या नागपूरचे रघूजी भोसले तिरुचीपर्यंत गेले आणि किल्ला घेऊन त्याला कैद करून साताऱ्याकडे पाठवलं. ज्या तिरुचीच्या बसस्टँडवर मी भाचीच्या बॅगा उचलत होतो, तेच गाव.

आणि मग १७९९ चा तह. सर्फोजींनी राज्याचा कारभार कंपनीला दिला, हातात किल्ला आणि तनखा उरला. त्यानंतर चार वर्षांनी हा लेख. म्हणजे राज्य गेलेल्या राजानं, दुसऱ्याच्या देवळाच्या भिंतीवर, आपण कोण होतो ते लिहून ठेवलं. आणि तमिळ लोकांनी ते पुसलं नाही. आज भोसल्यांचे वंशज या देवळाचे वंशपरंपरागत विश्वस्त आहेत. २०२० मध्ये इथला कुंभाभिषेक संस्कृतमध्ये व्हावा की तमिळमध्ये, यावर प्रकरण हायकोर्टात गेलं. कोर्टानं दोन्ही भाषांत करा म्हणून सांगितलं. इतकं भाषेचं राजकारण तापलेलं असतानाही मराठीची भिंत जिथल्या तिथं राहिली. आपल्याकडे दुकानाच्या पाट्यांवरून काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

रात्री सिनेमा. तमिळनाडूत जाऊन थिएटरात गेलो नाही तर काय बघितलं? भाषा कळत नव्हती, पण पिक्चर कळला. शिट्ट्या कुठे वाजवायच्या ते शेजारचे सांगत होते. मध्यंतरात एका काकांनी विचारलं, कुठले? महाराष्ट्र म्हणताच त्यांचा चेहरा फुलला. ‘शिवाजी!’ मी छाती फुगवून मान हलवली. तर काकांनी भुवई उंचावून, गाल थरथरवून एक संवाद म्हणून दाखवला. त्यांना म्हणायचं होतं शिवाजी गणेशन.

घरी येऊन हे नीट वाचलं. १९४० च्या दशकात अण्णादुराईंनी शिवरायांच्या राज्याभिषेकावर नाटक लिहिलं. राज्याभिषेकाला ब्राह्मणांनी घातलेले अडथळे हा त्याचा विषय. त्यात शिवाजीची भूमिका केली व्ही. सी. गणेशन नावाच्या पोरसवदा नटानं. पेरियार इतके खूश झाले की भर परिषदेत त्याला ‘शिवाजी’ म्हणाले, आणि नाव कायमचं चिकटलं. १९५२ च्या ‘पराशक्ती’नंतर हा माणूस तमिळ पडद्याचा राजाच झाला. १९७३ मध्ये ‘राजराज चोळन’ आला, तमिळमधला पहिला सिनेमास्कोप. त्यात राजराजा झाला शिवाजी गणेशन. आणि १९८९ ला तंजावरशेजारच्या तिरुवैयारूमधून विधानसभेला उभा राहिला, तर लोकांनी चक्क पाडला. मतदार आणि प्रेक्षक एकच माणूस असतो, पण दोन्हीकडची तिकिटं वेगळी.

म्हणजे तंजावरच्या गोष्टीत तीन शिवाजी. एक छत्रपती, ज्यांनी दाराशी येऊनही तंजावर घेतलं नाही. दुसरे सर्फोजींचे चिरंजीव शिवाजीराजे, १८५५ मध्ये वारले, मागे मुलगा नव्हता, कंपनीनं संस्थान गिळलं. आणि तिसरा, आजही थिएटरातल्या काकांच्या तोंडी असलेला.

रविवारी सकाळी ओरत्तनाडूला गेलो, तंजावरहून तासाभराच्या आत. सर्फोजींची मुक्ताम्बाळ नावाची जिवलग होती, तिच्या नावानं १८०२ मध्ये इथं छत्र उभं राहिलं. छत्र म्हणजे अन्नछत्र आणि धर्मशाळा. तंजावरच्या मराठ्यांनी रामेश्वरच्या वाटेवर अशी बरीच छत्रं बांधली. कारभार कंपनीकडे गेला तेव्हा सर्फोजींना भीती वाटली की हीपण जातील. १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं, त्यात छत्रात काय चालतं ते सांगितलंय. ब्राह्मणापासून परैयापर्यंत सगळे वाटसरू, जोगी, जंगम, बैरागी, सगळ्यांना शिजलेला भात. शिजलेलं चालत नाही त्यांना तांदूळ आणि मसाल्याचा शिधा. आजाऱ्याला वैद्य. आणि मध्यरात्री घंटा वाजवायची, पुकारा करायचा: कुणी उपाशी राहिलं असेल तर या.

हे वाचल्यावर मला त्या फॉरवर्डचा राग आला, खरंच. जेवणाच्या बाबतीत मराठ्यांचं नाव सांगायचं असेल तर ही मध्यरात्रीची घंटा आहे, राजानं स्वतः लिहून ठेवलेली. आपण पकडून बसलो आमसूल आणि चिंच.

दुपारी केळीच्या पानावर जेवलो. आधी सांबार, मग वत्तकोळंबू, रसम, शेवटी ताक. वाढपी भाताच्या ढिगाला बोटानं खड्डा करायला सांगतो आणि त्यात ओततो. तीनदा घेतलं. चव कुणाची, हे विचारायचं भान राहिलं नाही.

मग सरस्वती महाल. सर्फोजींचं ग्रंथालय. तीन हजारांहून जास्त मराठी हस्तलिखितं. १८०५ च्या सुमारास राजवाड्यातच त्यांनी छापखाना काढला, देवनागरी खिळे पाडून घेतले आणि मराठी पुस्तकं छापली, त्यात इसापच्या गोष्टीसुद्धा. आम्ही पत्रकार ६ जानेवारीला पत्रकार दिन करतो, हार-नारळ, एखाद्या पुढाऱ्याचं भाषण. १८३२ च्या त्या दिवशी ‘दर्पण’ निघाला. सर्फोजी त्याच वर्षी मार्चमध्ये गेले. म्हणजे मुंबईत बाळशास्त्री पहिला अंक काढत होते तेव्हा तंजावरातला मराठी छापखाना पंचवीस वर्षांचा झालेला. डिप्लोमाला हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मोडी कागदांची तर शेकडो बाडं. त्यातले निवडक कागद तिथल्या तमिळ विद्यापीठानं तमिळमध्ये अनुवाद करून छापलेत. नीट ऐका: मराठी दरबाराचे मोडी कागद, तमिळ अभ्यासकांनी, तमिळ वाचकांसाठी. आणि आपल्याकडे २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणारे हुडकत फिरावं लागलं. मी स्वतः त्या बातम्या केल्यात. एका कार्यालयात रजिस्टर समोर उघडून ठेवलेलं, चार कर्मचारी भोवती, आणि वाचणारा दुसऱ्या जिल्ह्यातून निघालेला, पोचायला संध्याकाळ.

आमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत मोडीतला एक कागद आहे. विहिरीचा आहे म्हणतात. चुलतभावाशी याच विहिरीवरून तीस वर्षं बोलणं नाही, आणि दोघांनीही तो कागद वाचलेला नाही, कारण येतच नाही. तंजावरहून आल्यावर मी तो बाहेर काढला, फोटो काढले, घड्या सरळ करून फाइलमध्ये ठेवला. गावात, तालुक्यात कुणाला मोडी येत असेल तर इनबॉक्सला कळवा. चहा आणि भजी माझ्याकडून. चुलतभाऊपण ही पोस्ट वाचतो, त्यालाही बोलावणार आहे.