हिमोग्लोबिन पडद्यावर फिरवून पाहताना

प्रथिनाचे काम त्याच्या आकारावर अवलंबून असते, हे वाक्य पाठ होते. पटते ते रेणूचे त्रिमितीय चित्र फिरवून पाहिल्यावर. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या १४६ अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बदल एवढाच. प्रोटीन डेटा बँकेतील ‘२एचबीएस’ ही रचना ब्राउझरमध्ये मोफत उघडता येते. तीत दोन रेणू शेजारी दिसतात. व्हॅलिनला वेगळा रंग दिला, की पाणी टाळणारे हे आम्ल शेजारच्या रेणूच्या खाचेत बसलेले सापडते. ऑक्सिजन सोडलेले रेणू असेच चिकटत जाऊन लांब तंतू बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. चित्रातले रंग मात्र सोयीचे असतात, हे शिक्षकाने आधीच सांगावे; नाहीतर ऑक्सिजनचा अणू लालच असतो, असा मुलांचा समज होतो.